सणाची घडी आणि गणिताचा धडा

आश्विन महिना लागला की वऱ्हाडातील बाजारपेठांना निराळाच रंग चढतो. अमरावती घ्या की अकोला घ्या, शेतांतून कापसाची बोंडे फुटू लागलेली असतात आणि गावात पतंगी कागदाचे ताव, बांबूच्या कामट्या, चकचकीत पट्ट्या आणि दोऱ्याची रिळे दुकानांपुढे मांडली जातात. कोजागिरीस भुलाबाईची गाणी संपतात न संपतात, तोच घरोघरी आकाशकंदिलाची खटपट सुरू होते. तयार कंदिलांचा सुळसुळाट झाला असला, तरी परातीत खळ कालवून, जमिनीवर कागद पसरून बसलेली मुले अजून पुष्कळ घरांत दृष्टीस पडतात.

ह्या जुन्या उद्योगास अलीकडे एक नवे काम लावण्यात येऊ लागले आहे. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिकपूर्व इयत्तांपासूनच मुलांना संगणकाच्या आज्ञा लिहिण्याची ओळख करून द्यावी असे सुचविले. तेव्हापासून गणिताच्या जोडीला संगणकाचाही विचार मुलांच्या डोक्यात लवकर रुजावा, अशी घाई पालकांस झाली आहे. मग काही कल्पक शिक्षक म्हणतात की, त्यासाठी यंत्राची वाट का पाहावी? सणाच्या निमित्ताने मुले कागदाच्या घड्या घालतातच. त्या घड्यांतूनच त्यांना गणित शिकवावे आणि संगणकाची रीतही. युक्ति वरवर पाहता निर्दोष दिसते. तथापि तिच्या पोटी एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि तो असा की, जी गोष्ट मूल केवळ आनंदासाठी करते, ती आपण आपल्या हेतूच्या कामास जुंपावी काय? जुंपावयाची झाल्यास कोणत्या अटीवर?

प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी घडीत खरोखर काय भरले आहे हे पाहणे अवश्य आहे. कारण तेथे काहीच नसेल तर वादास जागाच उरत नाही.

कागदाची एक लांब पट्टी घ्यावी, ती मधोमध दुमडावी, पुन्हा त्याच दिशेने मधोमध दुमडावी, आणि मग तिसऱ्यांदा. आता पट्टी उलगडून आडवी धरली तर तिच्यावर ७ रेघा उमटलेल्या दिसतात. एका घडीने १, दोन घड्यांनी ३, तीन घड्यांनी ७, चार घड्यांनी १५. म्हणजे दर वेळी मागच्या संख्येची दुप्पट आणि वर एक. परंतु खरी मौज ह्याहून पुढे आहे. ह्या रेघांपैकी काही खोलगट असतात, काही उंचावलेल्या. खोलगट रेघेस १ आणि उंचावलेल्या रेघेस ० असे नाव दिले, तर एका घडीची पट्टी १ अशी वाचली जाते, दोन घड्यांची ११०, आणि तीन घड्यांची ११०११००. ह्या ओळी नीट न्याहाळणाऱ्या मुलास थोड्याच वेळात दिसून येते की, प्रत्येक नवी ओळ ही जुन्या ओळीपासून तयार झालेली आहे: आधी जुनी ओळ, मग मध्ये एक १, आणि मग तीच जुनी ओळ शेवटाकडून उलटी वाचून, तिच्यातील १ च्या जागी ० आणि ० च्या जागी १ घातलेली. असे का व्हावे? पहिल्या घडीने पट्टीचे दोन अर्ध एकमेकांवर येतात आणि पुढच्या सर्व घड्या दोघांवर एकदमच पडतात. उलगडताना दुसरा अर्ध पालथा होतो. म्हणून त्याचा क्रमही उलटतो आणि खोलीची उंची होते.

केवळ दोन चिन्हांनी सर्व काही लिहावयाचे, आणि एखादी रीत तिच्याच फळावर पुनःपुन्हा चालवून मोठे फळ मिळवावयाचे, ह्या दोन कल्पना संगणकशास्त्राच्या पायाशी आहेत. कागदाच्या पट्टीत त्या दोन्ही सापडतात. आणि त्यांच्यासाठी विजेची गरज नाही, पडद्याची नाही, शुल्काची तर नाहीच नाही. दुपटीचे सामर्थ्यही घडीच दाखविते. एक दशांश मिलिमीटर जाडीचा कागद दहा वेळा दुमडता आला, तर १०२४ पदर होऊन त्याची जाडी सुमारे १० सेंटिमीटर होईल. आणि बेचाळीस वेळा दुमडता आला, तर ती सुमारे ४ लक्ष ४० हजार किलोमीटर, म्हणजे कोजागिरीच्या चंद्रालाही मागे टाकील. प्रत्यक्षात साधा ताव सात-आठ घड्यांनंतर हाताला दाद देत नाही. कागदावरचा हिशेब आणि हातातला कागद ह्यांत केवढे अंतर असते, हाही एक धडाच आहे.

ही कल्पना आजची नव्हे. जर्मन शिक्षक फ्रेबेल ह्याने १८३७ साली बालशिक्षणाची जी संस्था काढली आणि जिला पुढे बालोद्यान हे नाव मिळाले, तिच्या उद्योगांत कागदाच्या घड्यांना मानाचे स्थान होते. तेच साहित्य पाहून मद्रासेतील टी. सुंदर राव ह्यांनी घड्यांच्या द्वारे भूमिती शिकविणारा इंग्रजी ग्रंथ लिहिला आणि तो १८९३ साली प्रसिद्ध झाला. फेलिक्स क्लाइन ह्या थोर जर्मन गणितज्ञाने आपल्या पुस्तकात त्याचा उल्लेख केल्यावर तो पाश्चात्य विद्वानांच्या नजरेस आला, आणि १९०१ साली शिकागो येथे त्याची नवी आवृत्ति निघाली. हिंदी मनुष्याने बालकांच्या खेळातून उचललेला विषय युरोपातील पंडितांनी मान तुकवून वाचावा, ही गोष्ट लहान नाही.

आमच्या वऱ्हाडाचाही ह्या परंपरेशी धागा आहे. ताराबाई मोडक लग्नानंतर काही काळ अमरावतीस होत्या. पुढे भावनगरास गिजुभाई बधेका ह्यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेतला, आणि १९४५ पासून ठाणे जिल्ह्यात बोर्डीस व नंतर कोसबाडास खेड्यांतील व आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालविल्या. माँटेसोरीबाईंची साधने महाग पडतात असे पाहून त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे अशा आसपासच्या वस्तूंना साधनांचा मान दिला. इकडे वर्धा नदीच्या पलीकडे, अमरावतीस लागूनच असलेल्या वर्ध्यास, १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली आणि हस्तोद्योगातूनच सर्व शिक्षण द्यावे असा विचार पुढे आला. तेव्हा हाताने करावे आणि करताकरता शिकावे, हे तत्त्व आमच्या अंगणातलेच आहे.

परंतु तत्त्व जुने आहे एवढ्याने ते निर्वेध ठरत नाही. त्यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही विचारार्ह आहेत.

पहिला आक्षेप असा. कडू औषध गुळात घोळून देणारी आई मुलाचे हित करते हे खरे. परंतु ती त्यास फसविते हेही खरे. सणाच्या आनंदात गणित लपवून मुलाच्या गळी उतरविणारा शिक्षक दुहेरी फसवणूक करीत असतो. गणित हे मुळात कडू आहे असे तो न बोलता कबूल करितो. आणि मुलाचा सणही तो हिरावून घेतो, कारण आता कंदील हा कंदील राहत नाही, तो स्वाध्याय होतो. वर्षातून चार दिवस तरी मुलास असे असावेत की, त्या दिवशी तो जे करील त्याचा कोणी हिशेब मागणार नाही. तेही दिवस आम्ही अभ्यासक्रमास बहाल केले, तर पुढे ह्या मुलास निरपेक्ष आनंद म्हणजे काय ते समजणार कसे?

हा आक्षेप आम्हांस अत्यंत सबळ वाटतो, आणि ज्यास तो टोचत नाही त्याने मुलांना शिकवूच नये. तथापि तो सर्वच प्रकारच्या सणातल्या गणितास सारखा लागू पडत नाही. दोन उदाहरणे घेऊ. ‘आईने ४८ अनारसे केले, ते ६ जणांत सारखे वाटले, तर प्रत्येकास किती?’ हा दिवाळीचा प्रश्न म्हणून मुलापुढे ठेवितात. येथे अनारशाचा गणिताशी काय संबंध? अनारशाच्या जागी विटा घातल्या तरी प्रश्न जसाच्या तसा राहतो. सण येथे केवळ वेष्टन आहे, आणि मुलास ते तत्काळ कळते.

आता दुसरे उदाहरण. मुलास कंदिलाचा एक फुगीर कोपरा करावयाचा आहे. सारख्या बाजूंचे सहा त्रिकोण कापून तो एका बिंदूभोवती चिकटवितो, आणि पाहतो तो कागद सपाट! कितीही दाबले, ओढले तरी तो फुगत नाही. एक त्रिकोण काढून उरलेल्या पाचांच्या कडा जुळविल्या, की कोपरा आपोआप वर उठतो. त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा. सहांचे ३६० होतात आणि बिंदूभोवतीची सर्व जागा भरून जाते. पाचांचे ३०० होतात, आणि राहिलेल्या ६० अंशांच्या उणिवेनेच फुगवटा येतो. कामट्यांच्या जुन्या घाटाच्या कंदिलात तीन चौकोन आणि एक त्रिकोण एका कोपऱ्यापाशी भेटतात, त्यांची बेरीज ३३० होते; म्हणूनच तो कंदील डौलाने गोलाकार दिसतो. येथे गणित कोणी बाहेरून आणून घातलेले नाही. ते न पाळले तर कंदीलच होत नाही. मूल शिक्षकासाठी नव्हे, कंदिलासाठी बेरीज करिते.

ह्या दोन उदाहरणांतला भेद हाच आमच्या मते सर्व वादाचा निर्णय करणारा आहे. ज्या वस्तूस तयार होण्यासाठी जे ज्ञान लागते, ते ज्ञान त्या वस्तूच्या निमित्ताने देणे ही फसवणूक नव्हे. ती त्या वस्तूची खरी ओळख होय. ज्या ज्ञानाचे वस्तूस काही प्रयोजन नाही, ते तिच्या आडून देणे ही मात्र लाच होय, मग ती कितीही गोड असो. आणि ह्याची परीक्षा सोपी आहे. धडा संपल्यावर तो कंदील कोठे जातो ते पाहावे. संध्याकाळी तो दारावर लागला आणि त्यात दिवा पेटला, तर सण शाबूत आहे. गुण देऊन तो कपाटात ठेवला गेला, किंवा फेकला गेला, तर आक्षेपकाचेच म्हणणे खरे ठरले.

दुसरा आक्षेप सत्याविषयीचा आहे, आणि तो गणिताचे अभिमानी लोक घेतात. हाताने पटलेली गोष्ट सिद्ध झालेली नसते, असे ते म्हणतात. आणि ते बरोबर आहे. कागदाच्या त्रिकोणाचे तिन्ही कोपरे पायावर योग्य जागी दुमडले, तर ते एकमेकांस भिडून सरळ रेघ होते. तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असल्याचे डोळ्यांस दिसते. पताकेच्या लांब पट्टीची साधी गाठ मारून ती हळूच दाबली की नियमित पंचकोन तयार होतो. पण १८० च्या ठिकाणी १७९ असते, तर डोळ्यास कळले असते काय? कागदाची जाडी, खळीचा ओलावा, हाताचा कंप ह्या सर्वांनी मिळून जे दाखविले, ते एका त्रिकोणाविषयी, तेही अदमासे. सर्व त्रिकोणांविषयी बोलण्याचा अधिकार केवळ युक्तिवादास आहे.

ह्यावर आमचे म्हणणे असे की, हा आक्षेप घडीवर नाही, अप्रामाणिक शिक्षकावर आहे. ‘पाहा, सिद्ध झाले,’ असे जो म्हणतो तो मुलाशी खोटे बोलतो. ‘पाहा, असे दिसते, आता ते नेहमीच असे का असावे, ते शोधू,’ असे जो म्हणतो, त्याने मुलाच्या मनात सिद्धतेची भूक उत्पन्न केली. पट्टीवरील १ आणि ० च्या ओळीविषयी आम्ही वर जे कारण दिले, तेथे ही भूक कशी भागते ते वाचकांनी पाहिलेच आहे: आधी ओळ दिसली, मग नियम सुचला, आणि शेवटी ‘दुसरा अर्ध पालथा होतो’ ह्या एका वाक्याने नियमाचे कारण हाती आले. तो युक्तिवाद तीन घड्यांपुरता नाही, कितीही घड्यांना पुरतो.

शिवाय घडीकडे तुच्छतेने पाहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्रत्येकच कोन पट्टी व कंपास एवढ्याच साधनांनी तीन सारख्या भागांत विभागता येतो असे नाही, हे फ्रान्सच्या वांत्झेलने १८३७ साली सिद्ध केले. तेच काम घडीने मात्र होते. घड्यांच्या योगे घनसमीकरण सोडविता येते हे इटलीतील मार्गेरिता बेलोक ह्या विदुषीने १९३६ साली दाखवून दिले. युक्लिडाच्या साधनांस जे अशक्य, ते मुलाच्या हातातील चौकोनी कागदास शक्य आहे. कोणते प्रश्न सुटतात हे आपण कोणती साधने मान्य करितो त्यावर अवलंबून असते, हा विचार तत्त्वज्ञानातही मोठा मानला जातो, आणि संगणकाच्या शास्त्रात तर त्यावाचून पाऊल पुढे पडत नाही.

तिसरा आक्षेप समाजाकडून येतो, आणि तो आम्हांस सर्वांत अधिक अस्वस्थ करितो. कोणी म्हणेल, ‘तुमचे हे सर्व ठीक, परंतु ज्या बापाचे पीक यंदा पावसाने नेले, त्याच्या मुलास फुरसतीचे शिक्षण कसे परवडावे? त्यास जे विकता येईल असे कौशल्य द्या, आणि लौकर द्या. कागदाची फुले सुखवस्तू घरच्या मुलांसाठी राहू द्या.’ वऱ्हाडातील शेतकऱ्याची स्थिति ज्यास ठाऊक आहे, तो हे बोलणे हसण्यावारी नेणार नाही.

पण ह्यात एक गृहीत आहे, ते तपासले पाहिजे. गरिबाच्या मुलास उपयोग शिकवावा आणि श्रीमंताच्या मुलास अर्थ, ही वाटणी कोणी ठरविली? आज्ञा पाठ करून ती यंत्रास देता येणे हे कौशल्य खरे. परंतु यंत्रे बदलतात आणि आज्ञाही बदलतात. रीत म्हणजे काय, ती पायरीपायरीने कशी मांडावी, एक पायरी चुकली तर शेवट कसा बिघडतो आणि मग मागे जाऊन ती पायरी कशी शोधावी, हे ज्यास उमगले, त्याचे ज्ञान जुने होत नाही. तेच गरिबाच्या मुलास नाकारणे हा अन्याय होय. सरावास पर्याय नाही, पाढे पाठ असलेच पाहिजेत, आणि संगणकाशी प्रत्यक्ष परिचयही झालाच पाहिजे; घडी ह्यांपैकी कशाचीच जागा घेत नाही. ती फक्त आरंभास उभी राहते, आणि एका रद्दी कागदाच्या किमतीत सर्वांना सारखी उभी राहते.

ह्या संदर्भात कागदाचा एक गुण आम्हांस नीतीच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. कागद कोणाची भीड धरीत नाही आणि कोणाचा पाणउतारा करीत नाही. घडी वाकडी पडली तर ती वाकडी दिसते, मग घालणारा वकिलाचा मुलगा असो वा हमालाचा. उत्तर चूक आहे हे सांगण्यास मास्तरांची लाल शाई लागत नाही, आणि उलगडून पुन्हा घालावयास कोणाची परवानगी लागत नाही. म्हणून जे पालक मुलाची घडी वाकडी पडताच कागद स्वतःच्या हाती घेतात आणि शाळेच्या प्रदर्शनात स्वतःच केलेला सुबक कंदील मुलाच्या नावाने पाठवितात, ते मुलाचे फार मोठे नुकसान करितात. ज्ञान तर त्यास मिळत नाहीच. वर दुसऱ्याचे श्रम आपले म्हणून मिरविण्याचा पहिला पाठ मात्र घरीच मिळतो.

सण कोणाचा, हाही प्रश्न ओघाने येतो. अकोल्याच्या किंवा अचलपूरच्या शाळेत एका बाकावर निरनिराळ्या धर्मांची मुले बसतात. दिवाळीचाच कंदील सर्वांनी करावा असा हट्ट धरणारा शिक्षक गणितही शिकविणार नाही आणि सौजन्यही नाही. परंतु त्रिकोणास धर्म नसतो. बुद्धजयंतीचा कंदील, ईदेच्या शुभेच्छांवरील चांदणीची नक्षी, नाताळचा तारा आणि गणपतीच्या मखराची जाळी ह्या सर्वांत घडी तीच आणि कोनही तेच. प्रत्येक मुलाने आपल्या घरच्या दारासाठी काही करावे आणि शेजारच्या मुलाच्या हातात तोच कोन सापडावा, ह्याहून चांगली शिकवण वर्गात दुसरी कोणती होणार?

आता अटीचा प्रश्न राहिला. सण हा सणच असला पाहिजे आणि धडा त्यातून सहज निघाला तरच घ्यावा, असे म्हणणे सोपे आहे. परंतु त्याची किंमत शिक्षकास आणि पालकास द्यावी लागते. कित्येकदा धडा निघणारच नाही. मुलाने पाच त्रिकोणांचा कोपरा जुळविला, तो वर उठला, आणि ‘का?’ असे न विचारता तो आनंदाने शेपटाच्या झिरमिळ्या कापावयास लागला, तर तेथे आपण गप्प बसले पाहिजे. प्रश्न त्याचा आहे. तो त्यास उद्या पडेल, पुढच्या दिवाळीस पडेल, कदाचित् कधीच पडणार नाही. ही अनिश्चितता सोसण्याची ज्याची तयारी नाही, त्याने सरळ फळ्यावर गणित शिकवावे. त्यात कमीपणा काहीच नाही, उलट ते प्रामाणिक आहे. पण कंदील करावयास बसविले असेल, तर तो पुरा होऊ द्यावा.

येत्या दिवाळीत ज्या घरांत मुले आहेत, त्या घरच्या वडील मंडळींस आमची एवढीच सूचना आहे. तयार कंदील आणण्यापूर्वी दोन ताव आणि चार कामट्या आणून पाहाव्यात. मुलांबरोबर आपणही बसावे, पण आपला कंदील निराळा करावा. त्यांनी विचारले तर सांगावे, आणि ठाऊक नसेल तर एकत्र शोधावे. संध्याकाळी जो कंदील दारावर चढेल, तो थोडा वाकडा असला तरी चालेल.